गोधडीत राहिलेले भुंगे

मे महिन्यात मी मुलाकडे जर्मनीला गेले. हे जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध उरकल्यावर जाऊबाई म्हणाल्या, आता तीन महिने मुलाकडे राहून या, हवापालट होईल. मी हो म्हटलं. त्या वर्षात मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

मुलगा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. इंगोलश्टाटच्या कडेला एका ओळीत सारखी घरं आहेत, त्यातलं एक त्यांनी भाड्याने घेतलं होतं. मागे चार खाटा मावतील एवढी बाग आणि कोपऱ्यात लाकडाची खोली. त्यात गवत कापायचं यंत्र, सायकली, रिकामी खोकी. सून तिला गार्टनहाउस म्हणायची. नात तेरा महिन्यांची होती, धरून उभी राहायची.

गेल्या गेल्या मी घरभर नजर फिरवली. माझी गोधडी कुठे दिसली नाही.

ती मी नातीसाठी शिवली होती. आमच्याकडे बाळाला घरातल्या मोठ्या माणसांचं जुनं कापड लावतात, मऊ असतं म्हणून. सुनेला सातवा महिना लागला तेव्हा ह्यांनीच सांगितलं होतं, माझं पूजेचं धोतर घे. त्यानंतर आठ-दहा दिवसांत हे गेले. तेराव्या दिवशी ह्यांचे कपडे वाटून टाकले. धोतर आणि निळ्या चौकड्यांचा एक शर्ट मी आधीच तांदळाच्या डब्यामागे ठेवला होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. नंतर दुपारी दार लावून मी दोन्ही आत घातली, वरून माझी दोन लुगडी लावली आणि धागा भरला. गेलेल्या माणसाचं कापड बाळाला लावत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी शिवलं. कोणाला सांगितलं नाही. मुलाच्या ओळखीचे एकजण तिकडे निघाले होते, त्यांच्याबरोबर पाठवून दिली.

दहा दिवस मी विचारलं नाही. मला विचारायला जमत नाही, लहानपणापासूनच नाही. अकराव्या दिवशी भाकरी थापताना विचारलं, "अगं, ती गोधडी पोचली होती ना?"

सून म्हणाली, "पोचली ना आई. गार्टनहाउसमध्ये ठेवलीय, खोक्यात. इथली दाई म्हणाली, बाळाच्या अंगावर जड काही घालू नका."

मी बरं म्हटलं. भाकरी उलटली.

दुपारी खोलीत गेले. बाळाच्या पाळण्याचं मोठं खोकं भिंतीशी होतं, झाकण चिकटपट्टीने बंद केलेलं. खोकं उचलायला कडेला हात जाईल एवढं भोक असतं, त्यातून गोधडीची कड दिसत होती. माझंच लुगडं, जांभळं. मी हात घातला. आतून गुणगुण ऐकू आली आणि माझ्या बोटांवरून काहीतरी चालत बाहेर आलं. जाडजूड, केसाळ, काळं, अंगावर पिवळे पट्टे आणि मागचा भाग पांढरा. मी हात काढला. ते फळीच्या फटीतून बाहेर उडून गेलं. लगेच दुसरं आलं, त्याच्या मागच्या पायांना पिवळे गोळे चिकटले होते. ते माझ्या हाताला वळसा घालून भोकात शिरलं.

आमच्याकडे वाशाला भोक पाडणारा भुंगा असतो, त्याच्याच जातीचा वाटला. संध्याकाळी मुलाला सांगितलं. त्याने बॅटरी लावून पाहिलं आणि म्हणाला, "हुमेल आहेत, इथले भुंगे. अख्खं घर केलंय."

"मग काढ ना," सून म्हणाली. "बाळी रांगत दारापर्यंत जाते."

"काढता येत नाहीत. इथे भाडेकरूला पण असं उठवता येत नाही, ह्यांना तर कायद्याने हात लावायचा नाही."

"वा! आम्ही घरासाठी आठ महिने फिरलो आणि हे फुकटात आले."

तरी त्याने फोनाफोनी केली. एक माणूस अशी घरटी परवानगीने हलवतो, असं कळलं. तो शनिवारी संध्याकाळी येणार, भुंगे आत आले की भोक बंद करणार आणि खोकं आहे तसं उचलून गावाबाहेर कुठल्याशा बागेत ठेवणार.

"आणि आतलं?" मी विचारलं.

"आतलं आत राहणार आई. गोधडीतच राहतात ते. तू दुसरी शिव, तुला काय, दोन महिने आहेत."

मी बरं म्हटलं.

शनिवारपर्यंत चार दिवस होते. रोज नात दुपारी झोपली की मी खोलीच्या दाराशी स्टूल घेऊन बसायचे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने कुंपणावरून पाहिलं. तिने हात हलवून मला बाजूला सरकायला लावलं, मी भुंग्यांच्या वाटेत बसले होते. सरकल्यावर म्हणाली, "या, या," म्हणजे त्यांच्यात हो, हो. तिचं माझं तेवढंच बोलणं. भुंगे सकाळी फार लवकर बाहेर पडायचे, थंडी असतानाच. ऊन चढलं की एकजण भोकाच्या तोंडाशी पाय रोवून नुसते पंख हलवत बसायचा, आत वारा घालत असावा. एखादा मेला तर त्याला ओढून बाहेर टाकायचे. मी बघत होते. धोतर त्यांच्या खाली आहे की वर, एवढंच मनात यायचं. दुसरं काही यायचं नाही. हे गेल्यावरही असंच झालं होतं. बायका म्हणायच्या, हिला रडवा. मी त्यांना चहा करून द्यायचे.

शुक्रवारी सून बागेत कपडे वाळत घालत होती. मी पायरीवर घेवडा मोडत होते. मध्येच मी बोलले, "अगं, ते खोकं जायला नको."

"का हो आई? बाळीला चावले म्हणजे?"

"मी बसेन ना तिच्याजवळ. खोकं नको जायला."

तिने चिमटे टोपलीत टाकले आणि माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "त्यात बाबांचा शर्ट आहे, म्हणून ना?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हाताला गुंडी लागली," ती म्हणाली. "बाळाला टोचेल म्हणून एक टाका उसवला, तर निळा चौकडा. मला बघायला आलात तेव्हा बाबांनी तोच घातला होता. चहा सांडला होता त्यांनी खिशावर."

गोधडी शिवताना कापडाच्या गुंड्या आधी कापून ठेवतात. मी बाकीच्या कापल्या होत्या. खिशाची राहिली. ह्यांनी तो खिसा मुद्दाम गुंडीचा शिवून घेतला होता, विहिरीत वाकताना चष्मा पडायचा म्हणून. ती गुंडी चुकून राहिली की मीच ठेवली, हे आजही मला सांगता येत नाही.

"मग टाकली का नाहीस?" मी विचारलं.

"टाकणार कशी?"

"आणि वापरली का नाहीस?"

"भीती वाटली हो. पहिलंच बाळ. माझ्या आईला सांगितलं असतं तर तिने फोनवरच आरडाओरडा केला असता. दाई म्हणाली ते खोटं नाही, पण कारण तेवढंच नव्हतं. म्हणून खोक्यात ठेवली. ना घरात, ना बाहेर."

"चुकलंच माझं," मी म्हटलं.

"तुमचं चुकलं आणि मी वर्षभर बोलले नाही. झालं."

मला लाज वाटायला हवी होती, किंवा राग यायला हवा होता. मी घेवड्याच्या शिरा काढत राहिले. ती पण काढायला लागली. तिला नीट येत नाही, निम्मी शेंग वाया घालवते.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बरं, आता त्या माणसाला काय कारण सांगू?"

"सांग, आईंना हुमेल आवडतात."

"आईला? आई झुरळ दिसलं की पलंगावर चढते!"

सुनेने त्याला शर्टाचं सांगितलं नाही. मीही नाही. त्याने फोन करून येऊ नका म्हटलं आणि खोलीच्या दारासमोर जाळी ठोकली.

जून-जुलैमध्ये मी रोज नातीला घेऊन जाळीच्या अलीकडे बसले. ती त्यांच्याकडे बोट दाखवून हुं हुं करायची. कोणालाही भुंगा चावला नाही. शेजारच्या बाईने मुलाला सांगितलं होतं की हा संसार एका उन्हाळ्याचा असतो. शेवटी नव्या राण्या तेवढ्या उडून जातात, बाकीचे मरतात, घर रिकामं होतं. तेव्हा उघडा. पण माझं परतीचं तिकीट ऑगस्टच्या सुरुवातीचं होतं. निघायच्या दिवशी खोक्याला कान लावला. आवाज कमी झाला होता, पण होता. मुलगा म्हणाला, "उघडू का? चारच असतील." मी नको म्हटलं.

गणपती उठल्यावर सुनेचा फोन आला.

"आई, संपले सगळे. मी उघडलं. धोतराचा चुरा झालाय. आत मेणाच्या कुप्या आहेत, हरभऱ्याएवढ्या, काळपट. आणि कोळ्यासारखी जाळी झालीत, कसल्या तरी अळ्या पडल्यात. शर्टाचं खिशाकडचं तेवढं राहिलंय, पण वास येतो. काय करू?"

"पाचोळ्याच्या खड्ड्यात टाक," मी म्हटलं. "झाडांना होईल."

"आणि गुंडी?"

"गुंडी चांगली आहे का?"

"आहे. धुतली मी."

मागे नात काहीतरी आपटत होती.

मग सून म्हणाली, "बाळीच्या स्वेटरची एक गुंडी तुटलीय. तिथे लावू का? रंग वेगळा दिसेल."

"दिसू दे," मी म्हटलं.