जावयाला पासवर्ड नाही

आमच्या रिसोडच्या घरी वायफायचा पासवर्ड दाराच्या चौकटीशेजारी खडूनं लिहिलेला असायचा. अक्षर माझ्या सासऱ्यांचं, मामाजींचं. आल्यागेल्याला पाणी, मग चहा, मग बोटानं भिंत दाखवायची. अख्खी गल्ली आमच्या नेटवर जगत होती आणि मामाजींची छाती फुगत होती.

मी घरूनच एका दवाखान्याचे रुग्णांचे रिपोर्ट टाइप करते. एके सकाळी तिकडून मेल आला: तुमच्या घरच्या नेटवरून आमच्या कॉम्प्युटरांत घुसायचा प्रयत्न झालाय, पुन्हा झाला तर तुमचं काम बंद. व्हायरसची घाण कोणाच्या तरी फोनमध्ये आणि बदनाम मी! असा संताप आला की ओलं फडकं घेतलं आणि भिंत खसाखसा पुसून काढली.

माळ्यावर जुना कॉम्प्युटर पडला होता. त्यात आणखी एक नेटवर्क कार्ड बसवलं, लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. बाहेरचं नेट आणि आमचं घर यांच्या मध्ये हाच राखणीला बसणार होता. शिकले व्हिडिओ बघून. आता राखणदाराला प्रिंटर कशाला? ब्लूटूथ कशाला? गाणी, माउस, रंगीत पडदा? आत जे जे चालू होतं ते एकेक करून उडवत गेले. जेवढं कमी चालू, तेवढ्या चोराला आत यायच्या वाटा कमी.

मामाजी मागे उभे. "कायले काढून राह्यली वं? राहू दे, कामी पडते."

या घरात फुटका डबासुद्धा कामी पडतो! मी मुद्दाम आणखी जोरात काढायला लागले, आणि त्या तोऱ्यात घरातल्या फोनांना नेटवरचा पत्ता वाटून देणारा प्रोग्रामही उडवला. सगळ्यांचं नेट गेलं.

"झालं समाधान?" मामाजी म्हणाले.

नव्हतं झालं. तेवढा एकच परत टाकला, बाकी काही नाही. नवा पासवर्ड घरातल्या चौघांच्या फोनमध्ये मीच घातला, सांगितला कोणालाच नाही.

पुढच्याच आठवड्यात नणंदेचे यजमान आले. घरचे जावई! पाणी प्यायले आणि फोन पुढे केला. "वहिनी, पासवर्ड सांगा."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

"नाही सांगत, भाऊजी."

"अवं, जावयाले नाही म्हनतं?" मामाजींचा आवाज चढला.

"त्याइले पुरणपोळी खाऊ घाला, कपडे करा. पासवर्ड नाही भेटत. उद्या माहं काम गेलं तर हे देनार हाय का मले काम?"

भाऊजी न जेवताच गेले. माय वं, मग काय विचारता! दोन दिवस घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण पासवर्ड बदलला नाही की सांगितला नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याचा मेल आला: तपासलं, तुमच्या बाजूनं आता काही येत नाही, काम सुरू ठेवा. सगळे जेवायला बसले तेव्हा मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. मी माझं ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवले.