मायचा पंप आणि फोनमधला माणूस

माझ्या मायने आयुष्यात बिडीला हात लावला नाही. तरी तिची फुप्फुसं खराब झाली. कोरीट गावातल्या घरात तीसएक वर्षं तिने चुलीवर स्वयंपाक केला आणि दर हिवाळ्यात वाळत घातलेल्या मिरच्यांच्या खकाण्यात बसून त्या निवडल्या. नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं, श्वासाच्या नळ्या आकसल्यात, हा आजार जाणार नाही, श्वासातून औषध ओढायचा पंप रोज घ्यावा लागेल. मायला पंप पटला. रोज हा शब्द पटला नाही.

मी धडगावला शिक्षिका. रोज घरी जाणं शक्य नव्हतं, म्हणून तिला मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला. आठवड्याभरात ती त्याच्याशी बोलायला लागली. पहिला प्रश्न आमच्या अहिराणीत विचारला, "माले दम लागस, काय करू?" फोनने दम बिर्याणीची कृती दाखवली. मायने ती शेवटपर्यंत पाहिली आणि मग मला फोन केला.

"याले मन्ही भाषा समजस नही व. दम लागस, त्याले शाळानी भाषामा काय म्हनतस?"

मी सांगितलं, "श्वास घ्यायला त्रास होतो, असं म्हण." पुढे दोन दिवस ती हे वाक्य घोकत होती. 'त्रास' नीट म्हणता आला तेव्हा तिचा आनंद पाहण्यासारखा होता.

त्याच वाक्याने तिला फोनमध्ये एक बाबा भेटला. पांढरी दाढी, गोड आवाज. तो सांगायचा, पंपाची सवय लागते, फेकून द्या, माझा काढा घ्या. मायने पंप पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि कोणाला काही बोलली नाही.

मला कळलं ते व्हिडिओ कॉलवर. ती दोन शब्द बोलायची आणि थांबायची. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते.

"माय, पंप लेस ना तू?"

"लेस व."

पण नजर दुसरीकडे. मी मुख्याध्यापकांना सांगून निघाले. घाटातून जीप उतरत होती तेव्हा मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. घरी पोचले तर ती ओट्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेली, ओठ काळसर. भांडण तिथेच विरलं. शेजारच्यांची गाडी काढून तिला नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध दिलं. तिसऱ्या दिवशी तिला सलग वाक्य बोलता आलं, तिने बाबाचं सगळं सांगितलं, आणि मग माझी जीभ सुटली. "फोनच काढून घेते तुझा!"

माय शांतपणे म्हणाली, "डॉक्टर मन्हासंगे दोन मिनिट बोलस. हाऊ बाबा अर्धा घंटा बोलस. मंग कोनं आयकानं?"

डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, दाखवा बरं तो बाबा." दोघींनी मिळून तो व्हिडिओ पाहिला. मग एक पंप तिच्या हातात देत बाई म्हणाल्या, "आता पंप कसा घेता ते दाखवा."

मायने आधी पंप दाबला आणि मग सावकाश श्वास ओढला. सगळं औषध जिभेवर. इतके महिने ती तसंच घेत होती, आणि गुण येत नाही म्हणूनच बाबाचं तिला खरं वाटलं होतं. हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. बाईंनी पंपाला लावायची प्लास्टिकची नळी दिली, चार वेळा करून घेतलं. जाताना म्हणाल्या, "फोन जरूर पाहा. पण औषध बंद करायच्या आधी मला विचारा."

माय आजही फोन पाहते. ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायचा व्यायाम तिने कुठल्यातरी दूरच्या राज्यातल्या नर्सकडून उचलला. भाषा कळत नाही, म्हणून आवाज बंद करते आणि नुसते ओठ बघते. बाईंनी तो व्यायाम योग्य ठरवला तेव्हा मायने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती नर्स तिच्याच माहेरची होती.

आठवड्यातून एखादा तरी व्हिडिओ मला येतो, मागोमाग तिचा आवाज: "हाई खरं शे का? इचारी ले त्या बाईले." बहुतेक खोटे निघतात. ती खट्टू होते, मग दुसरा शोधते.

आजार आहे तिथेच आहे. शेताच्या वाटेवर तिला दोनदा बसावं लागतं. मागच्या महिन्यात मी घरी गेले तेव्हा गल्लीतली एक म्हातारी आपला पंप घेऊन ओट्यावर आली होती आणि माय तिला दटावत होती, "आधी दाबू नको ना व! मन्हा तोंडकडे देख." म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि दोघींना एकदम हसू फुटलं. हसता हसता दोघींनाही खोकला आला.