अण्णा शेजारी बसले की लागणारा दिवा

मी तशी भित्री नाही. मी शिकवते त्या शाळेत साप निघाला तेव्हा काठी घेऊन पुढे मी होते आणि आमचे मुख्याध्यापक टेबलावर. पण त्या वर्षी गाडीतल्या एका पिवळ्या दिव्यानं माझी पाचावर धारण बसवली, हे कबूल करते.

गाडी घेतली ती वापरलेली, आणि घेतली अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. शुगरनं त्यांचा एक डोळा नेला होता आणि दुसऱ्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागायचं, तेही परभणीला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, तारखा चुकवल्या तर हाही डोळा हातचा जाईल. पालमहून एसटीनं जायचं, येताना डोळ्याला पट्टी, वर गर्दीचे धक्के. त्यापेक्षा गाडी बरी म्हटलं. घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली, माझं लग्न राहिलं ते राहिलंच.

अण्णांनी सारा जन्म कापसाच्या एका जिनिंगवाल्याचा ट्रक चालवला. गाडी दारात आली त्या दिवशी आम्ही चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर अण्णा पुढच्या डाव्या चाकापाशी बसलेले, आत हात घालून काहीतरी चाचपत होते. म्हटलं, ड्रायव्हर माणूस, हात लावल्याशिवाय राहवत नसेल.

गंगाखेडच्या अलीकडं रस्ता उजवीकडं वळतो. वळणाच्या तोंडाशी एक बाभळ आहे, पुढं एक पांढरा दगड, आणि मधे रस्ता चांगलाच खचलाय. पहिल्याच खेपेला तिथं समोर पिवळा दिवा लागला. गोल, आत एबीएस अशी अक्षरं. गाडी नीट चालत होती, ब्रेकही लागत होते. दिवा मात्र दवाखान्यापर्यंत तसाच. तिथं गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर गायब. येताना त्याच वळणावरून आलो, काही नाही.

"पिवळं काय लागलंय गं?" अण्णांनी लगेच विचारलं होतं. हातभरावर उभी राहिले तर मी त्यांना ओळखू यायची नाही, आणि दिवा मात्र माझ्या आधी दिसला.

दुसऱ्या महिन्यात तेच. तेच वळण, तोच दिवा, जाताना लागला, येताना नाही. मधल्या काळात मी एकटी चार वेळा त्या रस्त्यानं गेले. एकदाही नाही. अण्णा शेजारी बसले की लागायचा, नाहीतर नाही.

ज्यानं गाडी विकली त्याला मी फोनवर झाडला. तो बिचारा गळ्याची शपथ घेऊन सांगत होता, "मॅडम, माझ्याकडं हा दिवा कधीच लागला न्हाई." पालमच्या फिटरनं ब्रेक ऑइल बघितलं, फ्यूज बदलला आणि म्हणाला, "लय मनावर घेऊ नका, त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावून देतो." मी म्हटलं, ती स्वतःच्या तोंडाला लाव.

तिसऱ्या खेपेला बाभळ दिसायच्या आधीच अण्णा ताठ झाले. रस्ता त्यांना दिसत नव्हता, पण कुठं आलो ते कळत होतं. दिवा लागला तसे त्यांनी हात जोडले आणि ओठातल्या ओठात पुटपुटायला लागले.

"कुणाशी बोलायलात, अण्णा?"

"कुणाशी न्हाई. तू समोर बग."

भर सकाळी, लख्ख उन्हात मी गाडीच्या काचा वर केल्या.

चौथ्या खेपेला अण्णांनी गाडीत बसायला साफ नकार दिला. मी एकटा एसटीनं जातो म्हणाले, आणि मी शाळेत गेल्यावर खरंच निघाले. संध्याकाळी कळलं की दिवसभर स्टँडवरच्या बाकड्यावर बसून परत आले. तारीख गेली. माझा संताप संताप झाला.

"डोळा घालवायचाय का तुम्हाला?"

"जाऊ दे डोळा," अण्णा म्हणाले. "तू राह्य म्हणजे झालं."

"म्हणजे काय?"

"मी बसलो की लागतंय ते. मला वळखून लागतंय. तिला तू पायजे."

"तिला म्हणजे कुणाला?"

त्यावर त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, फार तर आठ दिवस थांबता येईल, पुढचं मी सांगू शकत नाही.

पिंगळीला रेल्वे गेटजवळ एक फिटर आहे, त्याच्याकडं गाडी तपासायचं मशीन आहे, असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. त्याला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. "माणूस बसल्यावरच लागतो म्हणता? मग वडलांच्या वजनाचं पोतं बसवा शेजारी, आणि या तसंच. दिवा लागला तर गाडी बंद करू नका."

मी ज्वारीचं पोतं बसवलं. बेल्ट लावला नाही तर गाडी सारखी ओरडत होती, म्हणून पोत्याला बेल्ट लावला. गल्लीतल्या बायका बघत होत्या, बघू दे. दुपारची निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून सारखं वाटायचं, शेजारी कुणीतरी खाली मान घालून बसलंय. बाभळ आली. मी उजवीकडं वळवलं, गाडी खचक्यात डाव्या अंगाला दबली आणि दिवा लागला.

खोटं कशाला बोलू, मी मोठ्यानं विचारलं, "कोण हाय गं तू?" आणि मग माझं मलाच हसू फुटलं, रडूही फुटलं. ज्वारीच्या पोत्याला कोण कशाला ओळखेल? तशीच थेट पिंगळीला गेले.

फिटरनं मशीन लावलं. "पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. चाक किती फिरतंय ते तो सांगतो. ब्रेक मारल्यावर चाक जाम व्हायला लागलं की ही यंत्रणा ब्रेक सोडते, धरते, सोडते, धरते. चाक जाम झालं की गाडी घसरतच जाते ना." बोलत बोलत त्यानं चाक काढलं, आत डोकं घातलं आणि एकदम मागं सरला.

"मॅडम, हे तुमीच बगा. मी हात लावणार न्हाई."

आत स्प्रिंगला एक रिबीन बांधलेली होती. लाल. शाळेतल्या पोरी वेण्यांना बांधतात तसली. चिखलानं काळवंडलेली, पण गाठी मोजता येत होत्या. सात होत्या. आणि त्या गाठींत सेन्सरची बारीक वायरही आवळली गेली होती. शेजारी वजन, उजवं वळण, वर खचका, असं सगळं जुळलं की स्प्रिंग पुरती दबायची आणि वायरला हिसका बसायचा. येताना वळण डावीकडं, म्हणून दिवा नाही. इतकं साधं होतं. पण त्या गाठी मी स्वतःच सोडल्या, कारण तसली गाठ कोण मारतं ते मला ठाऊक होतं. ट्रकची ताडपत्री बांधायची गाठ ती.

घरी येऊन मी रिबीन अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्यानं चाचपली.

"तुमी बांधली?"

"व्हय. त्या दिवशी, लिंबं ठेवली तवा."

"कामून?"

रिबीन बोटांत घोळवत त्यांनी सांगितलं. मी दुसरीत होते तेव्हाची गोष्ट. भुरभुर पाऊस होता, ट्रक परभणीला चालला होता. वळणावर एक पोरगी रस्त्याच्या कडेला दगडापाशी उभी होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. ती पळत सुटली नाही, काही नाही, नुसती उभी होती. अण्णांनी बाभळीपाशीच ब्रेक दाबला होता.

"चाकं थांबली गं. गाडी थांबली न्हाई." अण्णा म्हणाले. "तुझ्याएवढीच होती. चौकशीत माझी चूक न्हाई ठरली, सोडून दिलं. म्हणून नवी गाडी आली तवा तिच्या नावानं रिबीन बांधली, म्हटलं बाई, माझ्या पोरीला सांभाळ. ट्रकच्या चाकामागं आसली वायर कुठं असती? मला वाटलं उगं लोंबायलीय, घेतली गाठीत."

मी त्यांना सेन्सर समजावून सांगितला, पोतं सांगितलं. म्हटलं, वायर होती अण्णा, दुसरं कुणी नव्हतं. मला वाटलं सुटतील. त्यांचा चेहरा मात्र पडला.

"मंग इतक्यांदा मी माफी मागितली, ती कुणी ऐकलीच न्हाई?"

 

आठव्या दिवशी अण्णा गाडीत बसले, मुकाट्यानं. नेमकी भुरभुर लागलेली. बाभळ लांबून दिसली तसं त्यांनी विचारलं, "आता ते चाक जाम होऊ देत न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग दाबून दाखव. बाभळीपासून. मी दाबला तसा, पुरा."

दुसरी वेळ असती तर मी भांडले असते. आरशात बघितलं, मागं कुणी नव्हतं, पुढंही नव्हतं. चाळीसच्या वेगात बाभळीपाशी मी ब्रेक पार खाली दाबला. पायाखाली पॅडल कुणीतरी आतून ठोकावं तसं धडधडलं. खचक्यातून, ओल्या रस्त्यावरून, गाडी न घसरता सरळ जाऊन उभी राहिली. दिवा लागला नाही. वायपर तेवढे हलत होते.

"दगड कुठं हाय?" अण्णांनी विचारलं.

"पुढं हाय."

"किती पुढं?"

मी काचेतून नीट बघितलं. "चार हात."

अण्णांनी समोरच्या काचेला तळहात टेकवला. दोन्ही डोळ्यांतून, जो गेला होता त्यातूनसुद्धा, पाणी वाहत होतं.

"तितंच उभी होती," ते म्हणाले. "चार हात पुढं."

थोड्या वेळानं मागून एक जीप आली आणि हॉर्न वाजवायला लागली. मी गिअर टाकला, दगड डाव्या हाताला गेला, आणि आम्ही इंजेक्शनच्या वेळेत परभणीला पोचलो.