घरट्यासमोरची सुतळी

"मॅडम, हाच मेन गेटवर लावू. मोठा फ्लेक्स करू. काय म्हणता?" वनखात्याच्या साहेबांनी विचारलं.

लॅपटॉपच्या स्क्रीनवर सारस होता. माणसाएवढा उंच पक्षी, लाल मान खाली वाकवून घरट्यावर उभा. पायाशी दोन अंडी. ऊन मागून येत होतं आणि राखाडी पंखांतलं पीस न् पीस दिसत होतं. निवडीला आलेल्या फोटोंत त्याच्या जवळपास जाणारा दुसरा नव्हता.

मी नागपूरला एका वर्तमानपत्रात फोटो एडिटर होते. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले फोटो बघायचे, कोणता छापायचा ते ठरवायचं आणि बाकीच्यांच्या शिव्या खायच्या. रिटायर झाल्यावर गोंदियाला माहेरी परत आले. वन्यजीव सप्ताहाच्या प्रदर्शनासाठी फोटो निवडायचं काम तेव्हापासून माझ्या गळ्यात पडलंय. वय झालं, तोंड मात्र डेस्कवर होतं तसंच राहिलं.

फोटो सुधाकरचा होता. इथून जवळच, गोरेगावला त्याचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. दरवर्षी तो जंगलाचे फोटो पाठवायचा आणि दरवर्षी मी ते परत करायची. यंदा मात्र साहेबांचा चेहरा बघून तो खुर्चीतून अर्धा उठलाच होता. "पोरीच्या शाळेत सांगून बसलो जी," मला हळूच म्हणाला. "यंदा बाबाचा फोटो लागते म्हणून."

फ्लेक्स एवढा मोठा करायचा तर आधी फोटो शंभर टक्के झूम करून कोपरान् कोपरा बघायचा, ही माझी जुनी खोड. फोकस कुठे हललाय, कुठे डाग आहे, ते लहान आकारात कळत नाही. मी डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि तिथेच थांबले. उभं गवत एका बाजूला ओढून धरलेलं होतं आणि त्याला सुतळीची गाठ होती. उजवीकडेही तसंच.

साहेबांना म्हटलं, पाच मिनिटं द्या. सुधाकरला व्हरांड्यात घेऊन गेले. कोणाच्या फोटोबद्दल वाईट बोलायचं असेल तर चारचौघांत बोलायचं नाही, एवढं पथ्य मी नोकरीभर पाळलं.

"फोटो फार चांगला आहे," मी म्हटलं. "लाइट कळायला लागलाय तुला. घाई केली नाहीस. हे आधी नीट ऐकून घे."

तो हसला.

"आता सांग, सुतळी कोणी बांधली?"

हसू गेलं. "मीच जी. गवत मंधात येऊन राहिलं होतं. अंडे दिसतच नव्हते."

"आणि पक्षी?"

"बाजूले झाला होता. मी मागं सरलो त आला वापस."

"मग सोडली कधी?"

तो जमिनीकडे बघायला लागला.

"सुधाकर, सोडलीस ना?"

"पक्षी बसला होता अंड्यावर. त्याले पुन्हा कायले उठवावं म्हटलं. मंग राहूनच गेलं."

नवरीचा पदर सारखा करायचा, हार नीट करायचा, मागचा पडदा सरकवायचा आणि मगच बटण दाबायचं, हे त्याच्या हातात मुरलेलं. घरट्याशीही हात तसाच चालला. वाईट हेतू तिळभर नव्हता. पण सारस बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, उभ्या गवताच्या आत घरटं करतो. ते गवतच त्याच्या भिंती. त्या बाजूला केल्या की कावळ्याला अंडी दुरून दिसतात. हे सगळं मी त्याला सांगितलं, आणि आवाज चढवून सांगितलं.

तोही तापला. "तुमाले दरवर्षी काई न् काई सापडतेच. एवढं झूम करून कोण पायते?"

"मी पाहते. भांडायचं तर रस्त्यात भांड. आधी गाडी काढ, ती सुतळी सोडायची आहे."

तो भांडला नाही. गाडी काढली ती थेट गोरेगावला आणली.

बोडी धनलालजींच्या धानाच्या शेतात होती. त्यांना सगळं सांगितलं. आम्हाला बांधावरच थांबवून ते एकटेच आत गेले, कारण पक्ष्यांना त्यांची रोजची सवय होती. मी दुर्बीण लावली. सारसांची जोडी पलीकडच्या बांधावर उभी होती. घरट्यावर कोणी नव्हतं.

धनलालजी परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन्ही सुतळ्या होत्या. "काई नाई आता तिथं," ते म्हणाले. "टरफल पडून हायेत. मी म्हणो, हे कावळे सकाळपासून काऊन बसून राहिले." मग सुतळ्या सुधाकरच्या हातात दिल्या. "तुमच्याच ना?"

सुधाकर बांधावर खाली बसला. माझा राग तिथेच संपला. फार वाईट वाटलं, त्या जोडीसाठी आणि त्याच्यासाठीही.

परत आलो तर साहेब वाट बघत होते. मी झालेलं सांगितलं. ते हळहळले, मग म्हणाले, "पण फोटो तर आहे ना आपल्याकडे. सुतळी फोटोशॉपमध्ये काढून टाका. कोणाला कळते?"

मी तोंड उघडायच्या आत सुधाकर बोलला. "साहेब, मी काढला, फोटो माया आहे. मी देत नाही."

पायऱ्या उतरताना मी विचारलं, "पोरीला काय सांगशील?"

"झालं ते सांगतो जी. दुसरं काय सांगू?"

त्या वर्षी गेटवर कोणाचा तरी बरा असलेला खंड्या लागला. त्या बोडीत पुन्हा घरटं झालं नाही. मी माझ्यापुरतं एक बदललं. फोटो कसा आलाय हे सांगायच्या आधी, तो कसा काढला हे विचारते. पुष्कळ लोक त्यावरच चिडतात.

पुढच्या वर्षी सुधाकर पुन्हा आला. फोटो दुसऱ्या एका बोडीजवळचा. सगळं हिरवं धान, वर ढग आणि पार कडेला सारसांची जोडी. मधे पिल्लू. नखाएवढे दिसत होते.

साहेबांनी चष्मा वर केला. "छान आहे. पण पक्षी फारच लहान आले हो. थोडं जवळ जायचं ना."

"मागच्या साली गेलो होतो जी," सुधाकर म्हणाला.

साहेबांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. तो फोटो गेटवर लागला. येणारे लोक थांबून पक्षी शोधत होते.