कॉलिनचं डावं वळण

म्युनिकहून निघताना सुहासभाऊजींनी मला पुन्हा बजावलं, "वहिनी, तिथं शर्यतीच्या गाड्यांना ब्रेकच नसतात. घाबरू नका." नाशिकहून दिराकडे सुट्टीला आलेल्या मला राजवाडे बघायचे होते; भाऊजींना त्यांचा लाडका कॉलिन दाखवायचा होता.

कॉलिन ऑस्ट्रेलियातल्या एका खेड्यातला स्पीडवे (मातीच्या गोल ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत) रायडर. विशीत इंग्लंडला आला, जिंकत गेला, हाडं मोडत गेली. मग पोलंड, आणि आता चाळिशीत बव्हेरियातला एक छोटासा क्लब. मोठ्या अपघातानंतर तो आज पहिल्यांदाच ट्रॅकवर उतरणार होता.

छोट्या स्टेशनापासून शेतांमधून चालत गेलो. ट्रॅकवर भाजलेल्या सॉसेजचा आणि इंधनाचा वास एकत्र झाला होता. मी आपली प्रेत्सेल (पिळाची खारी पावरोटी) चावत राहिले.

फारर्लागरमध्ये (रायडर-मेकॅनिकांच्या तळावर) भाऊजींनी ओळख करून दिली. मी कॉलिनच्या डावीकडून हात पुढे केला. त्यानं पाहिलंच नाही. वाटलं, माज आहे. मग कॉफीचा कप घ्यायला गेलेला त्याचा हात कपाशेजारून गेला. डावीकडच्या तंबूच्या दोरीत पायही अडकला.

"प्यायलाय हा," मी मराठीत म्हणाले.

"काहीतरीच! थेंबालाही शिवत नाही तो."

दारूचा वास खरंच नव्हता. पण माझं मन मानेना. बोलताना तो सारखी मान डावीकडे वळवत होता. मी सहज केल्यासारखा हात त्याच्या डाव्या कानशिलापाशी नेला. पापणी हलली नाही.

"डाव्या डोळ्यानं दिसत नाही ना तुम्हाला?" मी इंग्रजीत विचारलं.

त्याचं हसू मावळलं. "डॉक्टरांनी पास केलंय मला."

"कसं?"

"अक्षरांचा तक्ता पाठ आहे," तो हळूच म्हणाला.

भाऊजींनी माझा दंड धरला. "वहिनी, चला. त्याचं आयुष्य आहे."

"इथं सगळी वळणं डावीकडेच ना, भाऊजी? मग शेजारून धावणाऱ्या तिघांचं काय?" तेच मी कॉलिनला इंग्रजीत विचारलं. "मी डॉक्टरांना सांगणार आहे. तुम्हीच आधी सांगितलंत तर बरं."

"मला दुसरं काही येत नाही," तो म्हणाला. त्यानं हातमोजे काढले आणि तो डॉक्टरांच्या तंबूकडे गेला.

आम्ही प्रेक्षकांत जाऊन बसलो. भोंग्यावरून जर्मनमध्ये घोषणा झाली. भाऊजींनी मला अर्थ सांगितला. "त्याच्या जागी दुसरा धावणार आहे."

शर्यत सुरू झाल्यावर कॉलिन साध्या कपड्यांत येऊन आमच्या रांगेत बसला. चारही गाड्या एकमेकींना खेटून, आडव्या घसरत वळण घेऊन गेल्या, तेव्हा त्यानं मुठी आवळल्या.

"संपलं माझं," तो म्हणाला. भाऊजी रडले, तो नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये भाऊजी शर्यतीचं पत्रक उलगडत होते, पुन्हा दुमडत होते. मी बरोबर वागले याबद्दल मला शंका नव्हती. तरी त्यांच्या शेजारी बसणं जड जात होतं. म्युनिक जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "वहिनी, थांबेल ना तो?"

"थांबेल," मी म्हणाले.

ट्रॅकच्या फाटकातून बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं होतं. कॉलिन आपल्या मोटरसायकलपाशी गुडघे टेकून, बोटांनी चाचपत साखळीला तेल घालत होता. हे मात्र मी भाऊजींना सांगितलं नाही.