अक्कासाठी जोडलेली गाडी

आमच्या पिकअपच्या मागे मी एक संडास जोडला आणि तो घेऊन भाचीच्या लग्नाला गेले, ही गोष्ट परभणीत आमच्या गल्लीत अजून हसत हसत सांगतात. सांगू देत. त्यातल्या निम्म्या बायकांनी ती गाडी नंतर आपापल्या कार्याला मागून नेली आहे, त्यामुळे हसायची सूट मी त्यांना देऊन टाकली आहे.

आमचं पाईप-फिटिंगचं दुकान आहे. नवरा माल पोचवत फिरतो आणि गल्ल्यावर मी बसते. अशी गाडी करायची कल्पना माझ्या डोक्यात आली यात नवल नाही, इतक्या उशिरा का आली याचंच मला नवल वाटतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ती वर्गात बोलायला लागली की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा गप्प बसायची. आमच्या घरात लग्न कुणाचंही असो, वंदना आणि त्रिशरण-पंचशील तीच म्हणायची आणि सगळा मंडप तिच्या मागून म्हणायचा. मग तिचं एक मोठं दुखणं झालं. त्यातून ती बरी झाली, पण लघवी धरून ठेवता येईना. लागली की लागली, त्याच मिनिटाला जावं लागायचं. त्यात गुडघे गेलेले, खाली बसता येत नाही. अक्कानं यावर उपाय काढला तो घराबाहेर न पडण्याचा. अगदीच जावं लागलं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद करायची. एकदा अशीच तहानलेली बँकेत गेली आणि रांगेत चक्कर येऊन पडली. लोकांना काय सांगायचं, तर शुगर आहे. तिला शुगर कधीच नव्हती, पण ते खोटं माझ्या तोंडी बसलं होतं.

आमचा धाकटा भाऊ राणीसावरगावला शेती करतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. ही पोरगी शाळेसाठी अक्काकडेच वाढलेली. तिनं फोन करून सांगितलं की वंदना आत्यानंच म्हणायची, दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ऐकायची नाही. अक्का म्हणाली, बघू. अक्काचं 'बघू' म्हणजे नाही, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊ लग्न घेणार होता शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतावरच्या घरी, गावापासून दूर. ऐन उन्हाळ्यात तिथं चहूकडे नांगरून टाकलेलं काळं रान, नजर जाईल तिथपर्यंत सपाट. आडोशाला एक बाभूळ. आखाड्यावर एक संडास होता, पण तो खाली बसायचा, आणि लग्नाच्या दिवशी त्याच्यापुढं रांग लागणार हे सांगायला नको.

मला राग आला. कोणावर ते सांगता येणार नाही, पण राग आला की माझे हात कामाला लागतात. ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांचा सांगाडा करून घेतला. त्यावर पत्र्याची खोली, आत कमोड आणि छोटं बेसिन, छतावर पाण्याची टाकी आणि खाली मैल्याची बंद टाकी. नवरा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, लोक वरातीला घोडा नेतात, तू हे नेणार का? मी म्हटलं, नेणार, आणि ओढणार तुम्ही.

तालीम म्हणून आम्ही गाडी रिकामी पोखर्णीपर्यंत नेऊन आणली. परत आलो तर नळाचा नट सैल, एक वॉशर गायब, आणि कमोडच्या टाकीतला बॉल निखळून तळाशी पडलेला. घरातलं फिटिंग एका जागी निवांत उभं असतं. चाकावरचं फिटिंग प्रत्येक खड्ड्याला आपटतं. दुकानात बसून हे कधी लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी एक पिशवी भरायला घेतली आणि तिच्यावरून आमच्या घरात रोज थट्टा सुरू झाली.

पिशवीत काय असावं याबद्दल माझी मतं पक्की आहेत. टेफ्लॉन टेप एक नाही, दोन. त्यातली एक नेमकी पाण्यात पडते. पाना घ्यायचा तो मोठ्या, कमीजास्त होणाऱ्या तोंडाचा, म्हणजे सगळ्या नटांना तोच चालतो. करवतीचं पातं, नुसतं पातं, कारण बेसिनखाली अख्खी करवत फिरत नाही. वॉशर मूठभर. एक जादा नळ आणि एक बूच. काहीच जमलं नाही तर निदान लाईन बंद करून बाकीचं पाणी वाचवता येतं. एम-सील. पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा मात्र न फोडलेला, कारण फोडलेला डबा महिनाभरात आत दगड होऊन बसतो आणि हे माणसाला कळतं ते नेमक्या अडचणीच्या वेळी. जाड रबरी पाईपचा हातभर तुकडा, त्याच्या दोन क्लिपा. आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. त्या पट्ट्या बघून नवऱ्यानं विचारलं होतं, पंक्चरचं दुकानही लग्नातच टाकणार का?

लग्नाच्या दिवशी सकाळी अक्का गाडीत बसली ती ओठ मिटून. आदल्या रात्रीपासून पाणी प्यायली नव्हती, हे मला चेहऱ्यावरूनच कळलं. पोखर्णीच्या फाट्यावर गाडी बाजूला घेतली. ती मागच्या खोलीत जाऊन आली, आणि येताना चक्क हसत होती. म्हणाली, आरसापण लावलायस की. मग मी तिला बाटली दिली आणि म्हटलं, आता पी, मी आहे. ती प्यायली. राणीसावरगाव येईपर्यंत बाटली रिकामी झाली, आणि आखाड्यावर पोचल्यावर भावजयीनं दिलेलं तांब्याभर पाणीसुद्धा तिनं घेतलं. मला फार बरं वाटलं.

छतावरची टाकी आम्ही अर्धीच भरून आणली होती, वजन नको म्हणून. आखाड्यावर भरून घ्यायची असं ठरलं होतं. मी वऱ्हाडाच्या गर्दीत चहा घेत होते आणि तेवढ्यात भावानं पाहुणचार म्हणून ते काम आपणहून उरकायला घेतलं. टाकीचं झाकण छतावर आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याला दिसली ती खाली पाणी सोडून द्यायची तोटी. त्यानं बोअरच्या मोटारीचा पाईप त्या तोटीला तारेनं आवळून बांधला आणि मोटार सुरू केली. शेत भिजवणाऱ्या मोटारीचं पाणी अर्ध्या इंची लाईनमध्ये शिरलं. फाडकन आवाज आला. मी धावत गेले तर दारातून पाणी वाहत होतं. बेसिनखालचा एल्बो, म्हणजे पाईप काटकोनात वळवणारा तुकडा, उभा चिरलेला. मी आधी टाकीखालचा कॉक बंद केला, पण तोवर टाकी जवळजवळ रिकामी झाली होती. तेवढ्यात लाईटही गेली आणि मोटार बंद पडली.

भाऊ डोक्याला हात लावून उभा. "लाईट जायची वेळ झालती ताई, म्हून घाई केली. आमच्या बोअरला लय जोर हाय."

त्याच्या बोअरचा जोर मला दिसतच होता. त्याला तिथंच चार शब्द सुनावायचे होते, पण मुलीचा बाप होता आणि अंगावर नवा सदरा होता. मी पिशवी उघडली.

नवा एल्बो सोल्युशन लावून बसवणं, हे बरोबर काम. पण सोल्युशन वाळायला वेळ द्यावा लागतो, घाई केली तर जोड सुटतो, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. इतक्यात अक्का खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पांढरी साडी, एक हात चौकटीला. हळू आवाजात म्हणाली, "तू पी म्हणलीस म्हणून मी पाणी पिलं गं."

ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, थोडं थांब, आणि बेसिनखाली आडवी झाले. एल्बोच्या दोन्ही बाजूंनी पातं चालवलं. खाली चिखल, वर पत्रा तापलेला, आणि माझी लग्नाची साडी. कापलेल्या दोन टोकांवर रबरी पाईप कोपऱ्यातून वळवून चढवला आणि क्लिपा आवळल्या. पहिली घट्ट बसली. दुसरीचे आटे गेले, नुसती गरागरा फिरायला लागली. तेव्हा मी सायकलच्या ट्यूबची पट्टी घेतली, एक टोक दातात धरलं आणि ताणून ताणून गुंडाळत गेले, एकावर एक. नवरा बाहेरून बॅटरी धरून उभा होता. त्या वेळी त्यानं पंक्चरचा प काढला नाही.

मोटार नव्हती, तेव्हा पाणी आणलं बायकांनी. भावजयीनं नुसती हाक दिली आणि आखाड्यावरच्या हौदापासून गाडीपर्यंत घागरी हातोहात यायला लागल्या. भाऊ छतावर चढला आणि आता त्याला दाखवलेल्या झाकणातून टाकीत ओतू लागला. मी कॉक उघडला आणि जोडाखाली तळहात धरला. ओल आली. कॉक बंद केला, पट्टी सोडली, पुन्हा गुंडाळली आणि या वेळी शेवटची गाठ पान्यानं पिळली. पुन्हा उघडला. तळहात कोरडा राहिला.

मी बाहेर आले आणि अक्का आत गेली. जरा वेळानं फ्लशचा आवाज आला. माझ्या आयुष्यात मला बक्षिसं मिळालेली नाहीत, पण ती मिळाल्यावर माणसाला काय वाटत असेल ते मला त्या वेळी कळलं. साडीला चिखल, केस विस्कटलेले, आणि मी तिथं उभी राहून एकटीच हसत होते. भावजय म्हणाली, ताईला ऊन लागलं का काय.

लग्न अक्कानं लावलं. टेबलावरच्या फोटोंना हार घातले, मेणबत्ती लावली आणि बॅटरीवर चालणारा माईक हातात घेतला. पहिल्या शब्दाला आवाज जरा कापला, मग तोच जुना वर्गातला आवाज आला आणि पुढची मुलं सरळ होऊन बसली. सगळा मंडप तिच्या मागून म्हणत होता. नवरी झालेली पोरगी रडत होती, भाऊ रडत होता, मीही रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

फुलं पडली, टाळ्या झाल्या. मला वाटलं आता ती माईक ठेवील आणि घरी चला म्हणेल. तिनं माईक ठेवला नाही. सकाळपासून पाहुण्या बायका त्या गाडीकडे बघत होत्या. कुणी म्हणत होतं डॉक्टरची गाडी आहे, कुणी म्हणत होतं आइस्क्रीमची. मला दोघींनी विचारलं होतं आणि मी सवयीनं काहीतरी शुगरचं सांगितलं होतं. अक्का माईकवर बोलायला लागली तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले.

"ती गाडी माझी हाय. मला लघवी धरून ठेवता येत न्हाई, म्हणून माझ्या बहिणीनं बनवली. आत पाणी हाय, कडी हाय. सकाळपासून ज्या बायांनी लग्नात जायचं म्हणून पाणी पिलं न्हाई, त्यांनी आता पाणी प्यावं."

कर्णे चारी दिशांना बांधलेले होते. तो आवाज त्या मोकळ्या रानात कुठवर गेला असेल कोण जाणे. मंडपात कुणी हसलं नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या आणि कुणी हलत नव्हती. मग नवरदेवाची आई उठली, पाण्याच्या ड्रमपाशी गेली, ग्लास भरून घेतला आणि सगळ्यांसमोर उभ्याउभ्या तळापर्यंत प्यायली.