डोकरी आणि मोहनचा उजवा हात

मोहन गेल्याचं सांगायला त्याचा मुलगा सुरेश कळसाडीहून आला, तेव्हा मी ओट्यावर बसून जुन्या रजईची शिवण उसवत होतो. "चाचा, अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, जरा आडवे झाले, आणि..." अशा वेळी काय विचारायचं, काय बोलायचं, हे माणसाला वयानं समजलेलं असतं. माझ्या तोंडून मात्र निघालं, "शेवटी हात दुखत होता का रे त्याचा?" सुरेश म्हणाला, "हाताचं काय, चाचा? हार्टनं गेले ते." महिना होत आला या गोष्टीला. सुरेश तो प्रश्न विसरलाही असेल. मी विसरलेलो नाही.

मोहन कळसाडीच्या गुजर पाटलांचा, मी शहाद्याच्या पिंजाऱ्याचा. त्यांचा कापूस आमच्या घरी पिंजायला यायचा, त्या गाठोड्यांबरोबर मोहनही यायचा. शाळेत आम्ही एका बाकावर आलो आणि पुढे मी त्याच शाळेत मास्तर झालो, तो शेतीत गेला, तरी बाक जणू सुटलाच नाही. घरी तो गुजरी बोले, मी हिंदी, आणि दोघांत मिळून अहिराणी. त्याच्या वडिलांनी कापसाला चांगला भाव आलेल्या एका वर्षी हौसेनं टपाची विलायती मोटार आणली होती. पन्नास सालानंतर ती इतकी जुनाट दिसू लागली की सगळं गाव तिला 'डोकरी', म्हणजे म्हातारी, म्हणे. कळसाडीच्या गाडीवाटेवर मोहननं मला तिच्यावर चालवायला शिकवलं. डोकरीला सुरू करायचं तर एकानं पुढे उभं राहून हँडल मारायचं आणि दुसऱ्यानं आत बसून सुकाणूखालचा एक खटका आधी मागे घ्यायचा. खटका पुढे राहिला तर इंजिन उलटं फिरतं आणि हँडल माणसाच्या हातावर येतं. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मोहनची थोरली बहीण जमना बाळंतपणात गेली. अडलेली होती, शहाद्यात सोय नव्हती, तापीला पूर होता आणि नंदुरबारला न्यायचं तर होडीशिवाय वाट नव्हती. होडी पलीकडे लागली तेव्हा ती राहिली नव्हती. मोहन होडीत होता. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, पण वर्षभरानं एके दिवशी शाळेत आला आणि म्हणाला, "गनी, शहादाना दवाखानामा बाळंतिणीसाठे खोली बांधानी शे. डोकरी मुंबईले लई जाऊत." मुंबईतल्या खान्देशी व्यापाऱ्यांशी, शहाद्याच्या आडत्यांशी तो बोलून आला होता. ते हसले होते. हसत हसतच त्यांनी कबूल केलं होतं की ही म्हातारी मोटार स्वतःच्या चाकांवर मुंबईला जाऊन परत आली, कुठे ट्रकवर चढवली नाही, कुणी ओढून आणली नाही, तर खोली आम्ही बांधून देऊ.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही निघालो. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं हँडल मारायचं, मग पाळी बदलायची. धुळ्यापर्यंत पोरं मागे धावत होती. मालेगावात टायर गेलं. कसाऱ्याच्या घाटात डोकरीचं पाणी असं उकळलं की मोहन तिला टोपीनं वारा घालत बसला. "आजीबाई, धीर धर," असं खरोखर म्हणत होता. मुंबईत व्यापाऱ्यांनी हार घातले, पण मोहनचं लक्ष परतीच्या वाटेवर. येताना साक्री-नवापूरवरून जायचं त्यानं ठरवलं, कारण त्या भागातल्या बायांचे हाल जमनापेक्षा वेगळे नव्हते, आणि त्यांनाही कळलं पाहिजे की खोली होते आहे.

खांडबाऱ्याला बाजार होता. गर्दीत गाडी थांबवली आणि इंजिन बंद पडलं. मोहन लोकांना खोलीबद्दल सांगत होता. पाड्यावरची एक बाई पुढे आली आणि तिनं आपली विकायला आणलेली कोंबडी मागच्या सीटवर ठेवली. मग तिच्या बोलीत हळूच सांगितलं की तिची लेकही अशीच वाटेत गेली. मोहननं मान खाली घातली. निघायची वेळ झाली. हँडल मारायची पाळी माझी होती, पण माझ्या तळव्यांना फोड आले होते. मोहननं पाहिलं आणि म्हणाला, "तुन्हा हात फुटी गयात. तू बस मझार, मी मारस." मी आत बसलो. मागे कोंबडी फडफडत होती, पोरं टपाला लटकत होती, मी मागे वळून त्यांना हटकत होतो... आणि हँडल उलटं आलं. लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

त्यानंतर मी खटक्याकडे पाहिलं तेव्हा तो मागेच होता. पण तो आधीपासून मागे होता, की आवाज ऐकून माझ्याच हातानं मागे ओढला, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

स्टेशन समोर होतं. सुरतेची गाडी यायची होती, आणि सुरतेला हाडांचे डॉक्टर होते. मी म्हणालो, "चल, मोहन, गाडीत बस." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "डोकरीले आठे सोडीसन मी कोठेच जावाव नहीं. नहीं ते खोली हातनी जाई. तू चालाड." मी ऐकलं. बाजारातल्या एका म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या लावून मनगट बांधून दिलं, बाजारातल्याच एका गड्यानं हँडल मारलं आणि मी गाडी हाकली. प्रकाशाला तापीच्या पात्रातल्या वाळूत चाक रुतलं, तेव्हा मी नको नको म्हणत असताना तो उतरला आणि खांद्यानं रेटा दिला. शहाद्यात वाजंत्री होती. लोकांनी मला उचलून घेतलं, कारण सुकाणूवर मी होतो. माझ्या गळ्यात हार असलेला फोटोही निघाला. मोहन गाडीत बसून होता, मांडीवर कोंबडी घेऊन, आणि हसत होता.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला नेलं. हात कोपरापर्यंत सुजला होता. डॉक्टर म्हणाले, "कालच आणलं असतं तर..." हाड वाकडं जुळलं. उजव्या हाताची मूठ पुन्हा कधी वळली नाही. त्या दवाखान्यातच मी त्याला विचारलं, "खटका मागे होता का रे?" तो म्हणाला, "माले काय ठाऊक? मी पुढे उभा व्हतू." एवढंच. त्यानं मला दोष दिला असता तर मी तो घेतला असता. त्यानं दिला नाही, आणि मग तो कुठे ठेवावा हे मला कळेना.

खोली झाली. माझी मुलगी नूरजहाँ तिथेच जन्मली. बायको अडलेली होती, पण मायलेकी दोघी वाचल्या. मोहननं तिला डाव्या हातावर घेतलं आणि बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. माझं भरलेलं घर त्याच्या हातावर उभं होतं. तो डाव्या हातानं जेवू लागला होता, म्हणून लग्नाच्या पंगतीत बसायचं त्यानं सोडलं. मी मग त्याची सेवा सुरू केली. केळ सोलून दे, चपलेचा अंगठा बसवून दे, पाण्याचा तांब्या धर. शाळा सुटली की सायकल मारत कळसाडीला. पाच-सहा वर्षं असं चाललं.

एकदा त्याच्या उसाच्या बांधावर मी कांडं सोलायला त्याच्या हातातून घेतलं, तसा तो उसळला. "गनी, हात मन्हा मोडना, तू कसाले लुळा व्हयना? तू मन्हा दोस्त व्हता, आते नोकर व्हई गया. दोस्त मन्हा कोठे गया, सांग!" मी सायकल घेतली आणि घरी आलो. त्यानंतर कित्येक आठवडे मी गेलो नाही.

मग एका दुपारी शाळेसमोर डोकरी येऊन थांबली. मोहन सुकाणूवर होता, एकटा. उजवं मनगट त्यानं सुकाणूच्या आऱ्यांत अडकवलं होतं आणि बाकी सगळं डावा हात करत होता. इंजिन त्यानं मुद्दाम बंद केलं. "बाहेर ये, मास्तर. हँडल मार." मी म्हणालो, "खटका?" तो म्हणाला, "तो मी दखस. तुले मन्हावर भरोसा शे का नहीं?" मी हँडल धरलं. त्यानं मला त्या दिवशी कशासाठी उभं केलं हे मला समजत होतं. मी हँडल मारलं, डोकरी धडधडू लागली, तो मोठ्यानं हसला, आणि आम्ही दोघं सारंगखेड्यापर्यंत जाऊन आलो. केळी ज्यानं त्यानं आपापली सोलून खाल्ली.

त्या दिवसानंतर आमची दोस्ती पुन्हा सरळ झाली आणि शेवटपर्यंत राहिली. मोहननं माझं ओझं उतरवलं असं मी म्हणत आलो. खरं म्हणजे त्यानं ते त्याच्यासमोरून हटवलं. तो असेपर्यंत मी त्याच्यासाठी हलका राहिलो. आता कुणासाठी राहायचं?

परवा कळसाडीला गेलो. मोहनची बायको, कमलाभाभी, आतल्या खोलीत त्याच्या बंड्या घडी करत होत्या. माणूस नाही, तरी धुऊन वाळवून ठेवतात. एक माझ्यापुढे केली. "तुम्ही न्या, भाई. दोघांचं माप एकच होतं." त्यांच्या आग्रहाखातर मी ती अंगात घातली आणि गुंड्या लावू लागलो. जमेना. गुंड्या उलट्या बाजूला होत्या, घरं मोठी कातरलेली होती, डाव्या हाताला सापडावीत अशी. प्रत्येक बंडीला भाभींनी तसंच शिवलं होतं. मला हे कधी माहीतच नव्हतं. माझ्या दोन्ही धड हातांची बोटं त्या पहिल्या गुंडीशी झटत राहिली. भाभी ते बघून म्हणाल्या, "त्यांनापण सुरुवातीला जमायचं नाही. दार लावून घ्यायचे, आणि कुणी आत आलेलं चालायचं नाही."

त्या बाहेर गेल्या, आणि जाताना दार ओढून घेतलं. मी एकटाच उभा राहून गुंडी लावत राहिलो.